आउटबॅकमधले ट्रॅक आणि स्टेशनची जमीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑस्ट्रेलियात, साऊथ ऑस्ट्रेलिया राज्यातल्या ॲडलेडला राहते. दरवर्षी जून ते ऑगस्टच्या थंडीत आम्ही तीन-चार कुटुंबं गाड्या घेऊन उत्तरेकडच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या ओसाड मुलखात जातो: मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा, कधी बर्ड्सव्हिल. परत आलो की मंडळातले लोक फोटो बघतात आणि विचारतात, "आम्हीही गेलो तर चालेल ना? तिथे अडवायला कोण आहे?" अडवायला बहुतेक वेळा कुणीच नसतं, हे खरं आहे. पण कुणी अडवत नाही याचा अर्थ हक्क आहे असा होत नाही. तीच गल्लत पुन्हा पुन्हा होताना दिसते, म्हणून हे प्रश्न आणि उत्तरं एका जागी लिहिली. मी वकील नाही. हे कायदे मी प्रवासासाठी वाचले, आणि काही गोष्टी चुकून शिकले.

"स्टेशन" म्हणजे काय? रेल्वेचं का?

नाही. ऑस्ट्रेलियात गुरं किंवा मेंढ्या पाळण्याच्या मोठ्या मुलखाला स्टेशन म्हणतात. मोठ्या म्हणजे किती, याचा अंदाज घरबसल्या येत नाही. साऊथ ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक हे जगातलं सर्वांत मोठं गुरांचं स्टेशन मानलं जातं. ते सुमारे १५,७०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळपास आपला पुणे जिल्हा. एवढ्या जागेत माणसं बोटांवर मोजण्याएवढी. राहतं घर, म्हणजे होमस्टेड, रस्त्यापासून कित्येक किलोमीटर आत असतं. म्हणून "इथे कुणाचंच काही नाही" असं वाटतं. वाटतं तसं नसतं.

मग ही जमीन सरकारी की खासगी?

सगळ्या गोंधळाचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आउटबॅकमधली बहुतेक स्टेशनं मालकी हक्काची नाहीत. जमीन सरकारची, तिथल्या भाषेत क्राउनची, आणि स्टेशनवाल्याकडे फक्त गुरं चारण्याचा भाडेपट्टा असतो. त्याला पॅस्टोरल लीज म्हणतात. साऊथ ऑस्ट्रेलियात ही मुदत ४२ वर्षांची असते. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातले पट्टे २०१५च्या मध्याला एकदम संपले आणि त्यांचं नूतनीकरण झालं. त्या राज्याची सुमारे एक तृतीयांश जमीन अशा पट्ट्यांखाली आहे.

आपल्या डोक्यात "सरकारी चराऊ जमीन" म्हटलं की गायरान येतं. ती तुलना इथे फसवते. गायरान गावाचं असतं, आणि गावातला कुणीही तिथून जातो. पॅस्टोरल लीजवर गुरं, कुंपणं, बोअर, पाण्याच्या टाक्या सगळं त्या एका कुटुंबाचं किंवा कंपनीचं असतं. त्यांनी कर्ज काढून उभारलेलं असतं. तिथे तुमची गाडी आली तर तो त्यांच्या कामाच्या जागेत झालेला प्रवेश असतो.

पण मालकीची शेतजमीन जशी पूर्ण बंद असते तशीही ही नाही. याच जमिनीवर मूळ रहिवाशांचे, ॲबोरिजिनल लोकांचे हक्क चालत आलेले आहेत. २३ डिसेंबर १९९६ रोजी हायकोर्टाने विक या ॲबोरिजिनल लोकांच्या खटल्यात चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवलं की पॅस्टोरल लीज दिल्याने इतर सगळे आपोआप बाहेर पडत नाहीत, आणि नेटिव्ह टायटल, म्हणजे मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा पूर्वापार हक्क, त्या लीजबरोबर एकत्र नांदू शकतं. (इथलं हायकोर्ट म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय.) दोन्ही हक्क जिथे एकमेकांच्या आड येतात तिथे लीजधारकाचा वरचढ ठरतो, पण दुसरा त्यामुळे पुसला जात नाही. साऊथ ऑस्ट्रेलियाच्या पॅस्टोरल कायद्यात ॲबोरिजिनल लोकांना पारंपरिक कामांसाठी या जमिनीवर जाण्या-राहण्याचा हक्क स्वतंत्र कलमाने दिलेला आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या १९९७च्या जमीन कायद्यातही कुंपण न घातलेल्या, न सुधारलेल्या भागात त्यांना अन्नासाठी जाता येतं.

तेव्हा एकाच जमिनीवर तिघं उभे आहेत: सरकार, लीजधारक आणि मूळ रहिवासी. आपण प्रवासी चौथे, आणि आपला हक्क सगळ्यांत अरुंद.

ॲपवर ट्रॅक स्पष्ट दिसतो. मग जायला काय हरकत?

ॲपवरची रेघ एवढंच सांगते की तिथून कधीतरी गाडी गेली होती. ती गाडी स्टेशनवाल्याची असेल, कुंपण दुरुस्त करणाऱ्याची असेल, तेलाच्या शोधात आलेल्या कंपनीची असेल. फ्रेंच लाइन या सिम्पसन वाळवंटातल्या प्रसिद्ध ट्रॅकचं नाव साठच्या दशकात तेल शोधणाऱ्या फ्रेंच कंपनीवरून पडलं. असे किती तरी माग जमिनीवर आहेत. त्यातले काही आज सर्वांसाठी खुले आहेत, बरेच नाहीत, आणि रेघेच्या रंगावरून ते कळत नाही.

उलट बाजूनेही गंमत होते. कागदोपत्री मोजणी झालेला सार्वजनिक रस्ता एकीकडे असतो आणि प्रत्यक्ष चाकोरी शंभर-दोनशे मीटर दुसरीकडे, कारण मधल्या काळात ओहोळाने वाट बदलली. हक्क कागदावरच्या पट्ट्याला असतो, पण गाडी चाकोरीतून जाते. म्हणून राज्याचा अधिकृत रस्ते-नकाशा आधी बघा, ॲप नंतर.

परवानगीशिवाय कुठून जाता येतं?

जाहीर झालेल्या सार्वजनिक रस्त्यांवरून. बर्ड्सव्हिल ट्रॅक (मारी ते बर्ड्सव्हिल, ५१७ किलोमीटर), ऊडनाडाटा ट्रॅक (मारी ते मार्ला, सुमारे ६२० किलोमीटर) आणि स्ट्रेझलेकी ट्रॅक यांना नुसतं "ट्रॅक" म्हणतात, पण ते रीतसर सार्वजनिक रस्ते आहेत. दोन्ही बाजूंनी स्टेशनंच आहेत. रस्ता तुमचा, पण त्याच्या बाजूचं माळरान तुमचं नाही. या भागात नगरपालिका किंवा कौन्सिलच नाही, म्हणून रस्ते राज्याचं खातं सांभाळतं.

पब्लिक ॲक्सेस रूट हा काय प्रकार आहे?

साऊथ ऑस्ट्रेलियाने १९८९च्या पॅस्टोरल कायद्यात काढलेली ही तोड मला सर्वांत शहाणी वाटते. लोकांना ज्या ठिकाणी जायचंच असतं, तिथपर्यंत स्टेशनमधून एक ठरावीक वाट आखून द्यायची. त्या वाटेने जायला कुणाला विचारायचं नाही. वाटेबाहेर मात्र चाक उतरवायचं नाही. लोकांना जायला मिळतं, आणि स्टेशनवाल्याला माहीत असतं की परके लोक नेमके कुठून जातील.

उदाहरण द्यायचं तर विल्यम क्रीकजवळून ॲना क्रीक स्टेशन ओलांडून कटी थांडा–लेक आयर या सरोवराच्या हॅलिगन बेपर्यंत जाणारी सुमारे ६० किलोमीटरची वाट, किंवा इनामिंकाच्या बाजूचा वॉकर्स क्रॉसिंग ट्रॅक. वाटेवर पाट्या असतात. पण वाट खुली आहे म्हणजे ती सुरक्षित आहे असं समजू नका. डांबर नाही, फोनला रेंज नाही, देखभाल जेमतेम. १९९८च्या डिसेंबरात हॅलिगन बेजवळ एका परदेशी जोडप्याची गाडी वाळूत रुतली. त्यातली तरुणी मदत आणायला पायी निघाली आणि वाटेतच उन्हाने गेली. त्या वाटेवरून जाताना मला तिची आठवण येते. गाडी अडली तर गाडीपाशीच थांबायचं, आणि सॅटेलाइट फोन किंवा आपत्कालीन बीकनशिवाय निघायचंच नाही.

पाऊस किंवा दुसरं काही कारण असेल तर या वाटा तात्पुरत्या बंद केल्या जातात. निघण्याच्या दिवशी पुन्हा तपासा.

गाडी न नेता चालत गेलो तर?

साऊथ ऑस्ट्रेलियात पायी जाणाऱ्याला कायदा बराच मोकळा आहे: लीजधारकाला आधी कळवायचं, तोंडी किंवा लेखी. गाडी, घोडा किंवा उंट घेऊन आखीव वाटेबाहेर जायचं असेल तर त्याची संमती लागते. हा नियम त्या एका राज्याचा आहे, इतरत्र तो गृहीत धरू नका.

तंबू कुठे ठोकता येतो?

साऊथ ऑस्ट्रेलियात दोन आकडे पाठ करा. घर, शेड किंवा कुठल्याही इमारतीपासून एक किलोमीटरच्या आत नाही. धरण किंवा गुरांसाठी बांधलेल्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आत नाही.

पहिला नियम कुणालाही पटतो. दुसरा आम्हाला पटला तो एका सकाळी. आम्ही नवीन होतो, दोन गाड्या, लहान मुलं. संध्याकाळी एका टाकीशेजारी सपाट जागा दिसली, पाणी हाताशी, बाभळीसारख्या झाडांची सावली. आम्ही तिथेच तंबू टाकले, शेकोटी केली, मुलं उशिरापर्यंत खेळली. सकाळी स्टेशनचा एक माणूस गाडीतून आला. ओरडला नाही. त्याने फक्त दूरवर हात केला. अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर गुरांचा कळप उभा होता. रात्रभर उभा होता. ती जनावरं माणसांना सरावलेली नसतात. उजेड, आवाज, माणसाचा वास आला की पाण्याकडे येत नाहीत. त्या कळपाला जवळपास दुसरं पाणी नव्हतं. त्याने सांगितलं, थंडीत एक रात्र निभावते, उन्हाळ्यात अशा रात्रीने वासरं मरतात.

माझे आजोबा सोलापूरकडचे. दुष्काळात जनावरांना पाणी दाखवायला किती कोस नेत, हे ऐकत मी वाढले. तरी मला ते सुचलं नाही, याची टोचणी अजून आहे. तेव्हापासून आम्ही पाण्यापासून एक किलोमीटर दूर राहतो, नियम पाचशे मीटरचा असला तरी. आणि ट्रफमध्ये, म्हणजे गुरांच्या पाण्याच्या हौदात, हात, भांडी, साबण काहीही बुडवत नाही.

बाकीच्या राज्यांत काय?

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, आणि सीमा ओलांडली की तो वाळूच्या एका टेकडीवरून दुसरीवर बदलतो.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात सोपं सूत्र असं की जाहीर रस्ता सोडून पॅस्टोरल लीजवरच्या कुठल्याही वाटेने जायचं तर लीजधारकाची परवानगी घ्या. कॅनिंग स्टॉक रूट हा विलुना ते हॉल्स क्रीक असा सुमारे १,८५० किलोमीटरचा मार्ग. आल्फ्रेड कॅनिंगने १९०६-०७ साली पाहणी केली आणि १९०८ ते १९१० या काळात विहिरी खोदल्या. आज त्याचा मोठा भाग मूळ रहिवाशांच्या नेटिव्ह टायटलच्या जमिनीतून जातो, म्हणून परमिट लागतं. दक्षिणेकडचा काही तुकडा स्टेशनांतून जातो, तिथे वेगळं विचारावं लागतं. जुनी वाट आहे म्हणून ती सगळी एकसंध खुली आहे असं नाही.

क्वीन्सलंडमध्ये गुरं हाकत नेण्याचे स्टॉक रूट सुमारे ७२,००० किलोमीटर आहेत, आणि बरेचसे रस्त्यासाठी राखलेल्या जमिनीवरच आहेत. समोरून कळप आला तर थांबा, इंजिन बंद करा, हाकणाऱ्याच्या खुणेची वाट बघा. वाट प्रथम त्या जनावरांची.

न्यू साऊथ वेल्समध्ये "कागदी रस्ते" भरपूर आहेत: मोजणीत आखलेले, कधीच न बांधलेले क्राउन रस्ते. शेजारच्या शेतकऱ्याला ते कुंपणात घेण्याचं परमिट मिळू शकतं, पण लोकांचा जाण्याचा हक्क त्यामुळे जात नाही. मात्र कुंपणातली बाकीची जमीन १९०१पासूनच्या कायद्याने संरक्षित आहे. तिथे विनापरवानगी शिरणं हा गुन्हा आहे. कागदी रस्त्यावरून जायचा हट्ट असेल तर हातात नकाशा हवा आणि तो कुठे संपतो याची खात्री हवी.

नॉर्दर्न टेरिटरीत १९९२च्या पॅस्टोरल कायद्यात नद्या, बारमाही पाणी आणि समुद्रकिनाऱ्यापर्यंत लोकांना पोचता यावं अशी तरतूद आहे. मासेमारीसाठी जाणाऱ्यांना ती उपयोगी पडते.

"इतकी वर्षं सगळे जातात" हे कारण चालत नाही का?

आपल्याकडे शेतरस्त्याच्या भांडणात तहसीलदारापुढे वहिवाट सांगता येते, साक्षीदार आणता येतात. त्या सवयीने आपण इथेही "पूर्वापार वाट आहे" म्हणतो. पण ती वहिवाट आपल्या शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याची असते. इथे तुम्ही सुट्टीत आलेले पाहुणे आहात. गाड्यांचे क्लबवाले वर्षानुवर्षं एका वाटेने गेले म्हणजे तुम्हाला ती आपोआप मिळाली असं होत नाही. बहुतेक वेळा ते दरवर्षी फोन करून विचारत आलेले असतात, आणि ते तुम्हाला सांगितलेलं नसतं.

हे ट्रॅक मुळात कुणी पाडले?

कायद्याचा प्रश्न नाही, पण मुलं हमखास विचारतात. ऊडनाडाटा ट्रॅक झऱ्यांच्या रांगेला धरून जातो. त्या झऱ्यांवरून अरबाना आणि शेजारच्या लोकांचा व्यापार हजारो वर्षं चालला. मग जॉन मॅकडूआल स्टुअर्ट हा शोधप्रवासी तिथून गेला, १८७२ साली तारेची लाइन त्याच बाजूने पूर्ण झाली, आणि मग जुनी घॅन रेल्वे. सगळ्यांना पाणी तेच लागलं.

सामान वाहिलं उंटांनी, आणि त्यांना हाकणारे लोक अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब इथून आले होते. ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्सच्या १८६०च्या मोहिमेसाठीचे उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला आणले, आणि तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती. मारीला उभं राहून मुलांना हे सांगितलं की त्यांना तो धुळीचा रस्ता जरा आपला वाटतो.

गेट बंद असेल तर? उघडं असेल तर?

जसं सापडलं तसं ठेवा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. उघडं गेट कुणी विसरलेलं नसतं. बहुधा गुरं पाण्याकडे जावीत म्हणून ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. ताफा असेल तर शेवटच्या गाडीने ते करायचं, आणि पुढच्यांनी रेडिओवर सांगायचं.

एक अपवाद, डॉग फेन्स. डिंगो, म्हणजे इथले रानकुत्रे, मेंढ्यांपर्यंत येऊ नयेत म्हणून बांधलेलं हे कुंपण ५,००० किलोमीटरहून लांब आहे. त्याचं गेट कायम बंदच असलं पाहिजे. तुम्हाला उघडं दिसलं तर बंद करा आणि कळवा.

कुलूप लावलेलं गेट सार्वजनिक रस्त्यावर भेटलं, तर कायदा तुमच्या बाजूने असण्याची शक्यता आहे. तरीही कुलूप तोडू नका, कुंपण कापू नका. फोटो काढा, ठिकाण टिपा, मागे फिरा आणि रस्ता सांभाळणाऱ्या खात्याला कळवा.

परवानगी मागायची कशी? इंग्रजीत फोनवर बोलायला संकोच वाटतो.

आधी ई-मेल करा, मग फोन. फोन दिवसा करू नका, सगळे बाहेर कामावर असतात. संध्याकाळी जेवणाच्या सुमारास कुणीतरी भेटतं. चार गोष्टी सांगा: कोणत्या तारखेला, किती गाड्या (नंबरांसकट), कुठून शिरून कुठे बाहेर पडणार, रात्री राहणार की नाही. मग त्यांना बोलू द्या. मस्टरिंग, म्हणजे गुरं गोळा करण्याचं काम, कधी आणि कुठे चालू आहे ते विचारा. हेलिकॉप्टर आणि मोटरसायकलींनी कळप हाकला जात असताना मध्ये तुमची गाडी आली तर त्यांचं दिवसभराचं काम वाया जातं.

काही स्टेशनं शुल्क घेतात. ते खुशीने द्या.

इंग्रजीची काळजी नको. तिकडची माणसं मोजकं बोलतात, आणि विचारणाऱ्याशी बहुतेक नीट बोलतात. परवानगी मिळाली तर ती ई-मेलवर मागून घ्या आणि छापून जवळ ठेवा, कारण वाटेत भेटणारा कामगार फोनवर बोललेला माणूस नसतो. बाहेर पडल्यावर "आम्ही सुखरूप बाहेर आलो" एवढा निरोप धाडा. तो न आल्यास ते शोधायला निघतात.

लीजधारक "हो" म्हणाला. झालं ना?

नेहमी नाही. त्याचा "हो" त्याच्या पट्ट्यापुरता. वाट पुढे ॲबोरिजिनल मालकीच्या जमिनीत शिरली तर त्यांचं परमिट वेगळं. साऊथ ऑस्ट्रेलियात आनंगू पिटजंटजारा यंकुनिटजाटजारा आणि मरालिंगा टजारुटजा जमिनी १९८१ आणि १९८४च्या कायद्यांनी त्यांच्या लोकांना परत मिळाल्या. तिथे त्यांच्या संमतीशिवाय जाता येत नाही, आणि जाऊही नये. हायवेवरून नुसतं पार होणं वेगळं.

राष्ट्रीय उद्यानाचे नियम आणखी वेगळे. मुंगा-थिर्री–सिम्पसन डेझर्ट उद्यानाला डेझर्ट पार्क्स पास लागतो, आणि ते १ डिसेंबर ते १५ मार्च बंद असतं. तो पास दाखवून स्टेशनमध्ये शिरता येत नाही. कटी थांडा अरबाना लोकांना पवित्र आहे. त्याच्या कोरड्या पात्रावर गाडी उतरवू नका.

वूमेरा हा सुमारे १,२२,००० चौरस किलोमीटरचा लष्करी चाचणी प्रदेश. त्याच्या आतही गुरांची स्टेशनं आहेत. स्टुअर्ट हायवेवरून सगळे जातात, पण ॲन बीडेल हायवेसारख्या आतल्या वाटेला आधी परवाना लागतो. त्या एका वाटेसाठी संरक्षण खातं, मूळ रहिवासी, उद्यान असे निरनिराळे कागद जमवावे लागतात. दोन-तीन महिने आधी सुरुवात करा.

रस्ता बंदची पाटी आहे, पण जमीन तर कोरडी दिसते.

थांबा. पाऊस शंभर किलोमीटर पुढे पडलेला असतो. ओल्या चिकणमातीत एका गाडीने पाडलेले खोल चर वाळल्यावर महिनोन्‌महिने तसेच राहतात, आणि त्यावरून स्टेशनच्या मुलांना शाळेचं टपाल आणि घरचा किराणा आणावा लागतो. दंड होतो, तो वेगळाच.

भाड्याची गाडी नेता येते का?

करारातलं कच्च्या रस्त्याचं कलम वाचा. साध्या गाड्यांना अशा रस्त्यांवर मनाई असतेच, आणि फोर-व्हील ड्राइव्हलाही काही ट्रॅक नावानिशी वगळलेले असतात. तिथे गेलात तर विमा संपला, आणि गाडी ओढून आणण्याचा खर्च तुमचा.

कुत्रा बरोबर आहे.

शक्यतो घरी ठेवा. डिंगोंसाठी टाकलेल्या १०८० या विषाच्या आमिषाने पाळीव कुत्रं मरतं, आणि त्यावर उतारा नाही. उद्यानांत कुत्र्यांना बहुतेक मनाईच असते.

स्टेशनने नकार दिला तर?

कारण विचारू शकता, वाद घालू नका. बहुतेक वेळा कारण तारखेचं असतं: मस्टरिंग, वासरांचा हंगाम, पाणी कमी. दोन आठवडे पुढे गेलो तर चालेल का, असं विचारा. आम्हाला दोनदा नकारानंतर नवी तारीख मिळाली आहे. साऊथ ऑस्ट्रेलियात लीजधारकाची संमती मिळाली नाही तर मंत्र्यांकडे अर्ज करण्याची सोय कायद्यात आहे. ती संशोधन किंवा तसंच गंभीर काम असणाऱ्यांनी वापरावी. आपल्यासाठी दुसरी आखीव वाट शोधणं बरं. पुढच्या वर्षी त्याच माणसाला पुन्हा फोन करा, आणि गेल्या वर्षी नाही म्हणाल्यावर आम्ही आलो नाही, हेही सांगा.